एकतीस नंबरचा पियानो

लकडगंज, नागपूर
१२ जून २०२४

आदरणीय वहिनी,
सप्रेम जय भीम.

तीस वर्षांत मी माझ्या हातांनी काय काय केलं ते आधी लिहितो. पियानोच्या तारा ताणायची चावी, ट्रकच्या जुन्या ॲक्सलचा तुकडा घासून, तीन मापांत. हातोड्यांवर नमदा, म्हणजे दाबलेली लोकर, चढवायचा सागवानी शिकंजा, एका वेळी अठरा हातोड्या बसतील असा. खर्जाच्या तारांवर तांबं गुंडाळायचं यंत्र, शिवणयंत्राच्या मोटरवर चालणारं. हे यंत्र मी पाहिलेलं नव्हतं, पुस्तकातही नाही. तुटलेली तार उलगडत गेलो, किती वेढे आणि कोणत्या बाजूने ते मोजलं, आणि त्यावरून यंत्र कसं असेल ते काढलं. पट्ट्यांचा भार मोजायचा काटा, सोनाराच्या मोडक्या तराजूतून. आणि सदतीस पियानो. एकही नवा भाग न घालता. मेलेल्या पियानोतलं जे जिवंत असेल ते काढायचं आणि दुसऱ्यात बसवायचं, ही माझी रीत. पहिला पियानो १९९४ साली उघडला तेव्हा आत तारा असतात एवढंच माहीत होतं. कोणापाशी शिकलो नाही.

तुमचं २ जूनचं पत्र मिळालं. ३१ मे रोजी तुम्ही शाळेतून निवृत्त झालात, कुहीचं घर पूर्ण झालं, आनंद आहे. तुमची जाऊ मायाही अभिनंदन सांगते. दादाचा पियानो आता घरी न्यायचा म्हणता. तुम्ही तो माझ्या शेडमध्ये ठेवला तो दिवस मला आठवतो: १७ जून २०१२, रविवार. दादा जाऊन पाच महिने झाले होते. तुम्ही श्वेताचं बोट धरून उभ्या होता आणि म्हणाला होता, ठेवा भाऊजी, मी सांगेन तेव्हा न्यायचा.

पण आता पावसाळा तोंडावर आहे. दमट हवेत लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, सूर उतरतो. उघड्या टेम्पोतून कुहीपर्यंत नेणं बरोबर नाही. दसऱ्यानंतर पाहू.

श्वेताला आशीर्वाद.

आपला,
धम्मानंद


कुही
२५ जून २०२४

प्रिय भाऊजी,
जय भीम.

यादी वाचली. तुम्ही काय काय केलं ते मी विचारलं नव्हतं, पण वाचून बरं वाटलं. तुमचे दादा असते तर पत्र घेऊन गल्लीभर फिरले असते.

फोन न करता पत्र लिहिते याचं तुम्हाला नवल वाटलं असेल. फोनवर तुम्ही "हो वहिनी" म्हणता आणि ठेवून देता. इतकी वर्षं मी तुमचं "हो वहिनी" ऐकते आहे. कागदावर तसं करता येत नाही.

दसऱ्यानंतर चालेल. बारा वर्षं थांबले, चार महिने काय आहे. तोवर मला त्याची लांबी, उंची, खोली कळवा. गवंडी अजून इथेच आहे. बैठकीच्या खोलीत पूर्वेकडची भिंत मी खिडकी न काढता ठेवली आहे. गवंडी म्हणाला, बाई, पूर्वेले खिडकी नाही ठेवली तर सकाळचं ऊन कुठून येईन? मी म्हटलं, तिथं सामान यायचं आहे. तो म्हणाला, अलमारी का? मी हो म्हटलं. पियानो म्हटलं असतं तर त्याला चहा पाजून अर्धा तास समजावावं लागलं असतं.

श्वेता पुण्याला तिसऱ्या वर्षाला गेली. तुमचे दादा गेले तेव्हा ती आठ वर्षांची होती. तिला त्यांचा चेहरा फोटोतला आठवतो, आवाज आठवत नाही. पण ते रविवारी वाजवायचे तेव्हा ती खाली पेडलजवळ बसायची, ते आठवतं. लाकूड पाठीला गुणगुणायचं म्हणते. दुसरं तिच्याजवळ त्यांचं काही नाही.

एक फोटो काढून श्वेताच्या मोबाइलवर पाठवा. पट्ट्यांच्या डाव्या टोकाच्या लाकडी ठोकळ्यावर मेणबत्तीचा डाग आहे का अजून? लोडशेडिंगच्या काळातला.

तुमची,
इंदूबाई


लकडगंज, नागपूर
१४ जुलै २०२४

आदरणीय वहिनी,
जय भीम.

मापं अशी: लांबी चार फूट साडेनऊ इंच. उंची चार फूट दोन इंच. खोली पंचवीस इंच, पट्ट्यांच्या बाजूने. वजन दोनशे चाळीस किलोच्या आसपास, त्यातलं निम्म्याहून जास्त आतल्या लोखंडी चौकटीचं. पट्ट्या पंच्याऐंशी: पन्नास पांढऱ्या, पस्तीस काळ्या. अठ्ठ्याऐंशी नव्हेत, जुन्या बनावटीत तीन कमी असतात. हे सगळं माझ्या वहीत आहे. शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येक पियानोला मी नंबर देतो आणि पहिल्याच दिवशी मापं लिहितो. दादाचा नंबर एकतीस.

भिंतीपासून तीन इंच अंतर ठेवा. समोरच्या खिडकीतून थेट ऊन पडत असेल तर पडदा लावा. दारात पायरी असेल तर सिमेंटचा उतार करून घ्या, लांबी कमीत कमी सहा फूट. चार माणसांनी उचलायच्या भरवशावर राहू नका. मधला एक जण नेहमी हात सोडतो.

फोटो आता जमणार नाही. शेडच्या त्या बाजूला बल्ब नाही आणि समोर दुसरं सामान लागलेलं आहे. मेणबत्तीचा डाग डाव्या ठोकळ्यावर, कडेपासून दीड इंच आत, आठ आण्याच्या नाण्याएवढा. एका बाजूला थोडा ओघळलेला.

आपला,
धम्मानंद


कुही
११ ऑगस्ट २०२४

प्रिय भाऊजी,
जय भीम.

उतार झाला. साडेसहा फुटांचा. गवंड्याने विचारलं, अलमारी चालत येणार आहे का? मग मी त्याला खरं सांगितलं. आता आळीत सगळ्यांना माहीत झालं आहे. शेजारची गोपिका रोज विचारते, बाई, तुमचा बाजा कधी येऊन राहिला? तिच्या नातवाने त्या उतारावरून सायकल चालवून एक दात पाडून घेतला.

श्वेताने पुण्यात पियानोची शिकवणी लावली. मला न विचारता. महिन्याचे पैसे तिने मेसचं एक वेळचं जेवण बंद करून काढले, हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. रागावले. ती म्हणाली, आई, तो घरी आला आणि मला वाजवताच आलं नाही तर तो नुसतं फर्निचर होईल. दिवाळीच्या सुट्टीत येते म्हणाली, तेव्हा तो इथे असावा.

तुम्ही लिहिलेली मापं मी भिंतीवर खडूने आखली. डागाचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. तुम्हाला कडेपासूनचं अंतरसुद्धा ठाऊक आहे. इतकं जपून कोणी ठेवत नाही. मी एवढी वर्षं उगीच मनात आणत होते की शेडमध्ये कुठेतरी धूळ खात पडला असेल.

इंदूबाई


लकडगंज, नागपूर
५ सप्टेंबर २०२४

आदरणीय वहिनी,
जय भीम.

काम करून राहिलो. काही भाग जमवायचे आहेत, त्यासाठी गावात फिरणं चाललं आहे. म्हणून पत्राला उशीर.

दादाचा पियानोसोबतचा एखादा जुना फोटो तुमच्याकडे असेल तर पाठवा. शक्यतो रंगीत, दिवसाच्या उजेडातला. पॉलिशची छटा जुळवायची आहे.

आपला,
धम्मानंद


कुही
२७ सप्टेंबर २०२४

प्रिय भाऊजी,
जय भीम.

फोटो सोबत आहे. श्वेताच्या पाचव्या वाढदिवसाचा. तुमच्या दादांचा अर्धाच चेहरा आला आहे, पण पियानो पूर्ण आहे.

हा फोटो शोधताना मी विचार करत होते. आधी पावसाळा, मग बल्ब नाही, मग भाग जमवायचे, आता पॉलिश. तुम्ही वेळेचे पक्के. ज्या माणसाने मला कधी पंधरा मिनिटं वाट पाहायला लावली नाही तो चार महिने एका टेम्पोची तारीख सांगत नाही. मला उशिरा कळलं, पण कळलं.

तुम्हाला तो द्यायचा नाही. बारा वर्षं तुमच्या डोळ्यांसमोर राहिला. तुमचे दादा माझे नवरा तेरा वर्षं होते. तुमचे भाऊ त्रेचाळीस वर्षं होते. हा हिशेब मी आधी करायला हवा होता. ते गेले तेव्हा सगळे माझ्याकडे पाहत होते, मला पाणी देत होते, आणि तुम्ही मांडवाच्या खुर्च्या मोजत होता. तुम्हाला कोणी काही विचारलं नाही. मीही नाही.

राहू द्या तुमच्याकडे. श्वेताला मी समजावते. ती रुसेल, पण काकाचं नाव घेतल्यावर ऐकेल. गवंड्याला निरोप धाडला आहे, भिंतीला खिडकी काढून घेईन.

पॉलिश मात्र करा.

तुमची,
इंदूबाई


लकडगंज, नागपूर
१३ ऑक्टोबर २०२४

वहिनी,
जय भीम.

काल दसरा झाला. सक्करदऱ्याच्या घरी गावाकडचे अकरा जण दीक्षाभूमीसाठी आलेले आहेत. माया त्यांच्यात आहे. मी कामाचं निमित्त सांगून शेडमध्ये येऊन बसलो. हे पत्र सकाळपासून लिहून राहिलो.

खिडकी काढायची ती काढा. पण माझ्या प्रेमाखातर काढू नका. दादाचा पियानो माझ्याकडे नाही. मी तो मोडला. ९ नोव्हेंबर २०१३ ला सुरुवात केली, १२ ला संपलं. तुम्ही ठेवून गेल्यावर दीड वर्षाच्या आत.

वहीतल्या नोंदी उतरवतो. पांढऱ्या पट्ट्यांवरची पाती पन्नास: सव्वीस सदर भागातल्या पियानो शिकवणाऱ्या मॅडमकडे, सोळा एका शाळेत, आठ इकडेतिकडे. हातोड्या पंच्याऐंशी: चार पियानोंत वाटल्या. मागची सूरफळी, जी श्वेताच्या पाठीला गुणगुणायची, ती उभी चिरून पट्ट्या काढल्या आणि दुसऱ्या पियानोंच्या सूरफळ्यांच्या भेगा भरायला वापरल्या. सात पियानोंत आहे. जुनं वाळलेलं लाकूड असं मिळत नाही. उजवं पेडल, बिजागऱ्या, चाकं, वेगवेगळ्या ठिकाणी. बिडाची लोखंडी चौकट इथल्याच भंगारवाल्या चंपतरावाला. वरचं झाकण माझ्या कामाच्या टेबलाचं तोंड आहे. हा कागद त्याच्यावर आहे.

तुमचं जूनचं पत्र आल्यावर मी सगळं परत गोळा करायला निघालो. बदल्यात त्याहून चांगला भाग देईन म्हणालो. चंपतराव हसला. म्हणाला, "भाऊ, दहा वर्षांमांगचं बीड मांगून राहिला का गा? ते आता कुहीकडच्याच एखाद्या धानाच्या बांधीत पंप होऊन फिरत असंन. जाऊन वाजवून पाय." सदरच्या मॅडम एकोणऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांनी ऐकून घेतलं आणि आठवण करून दिली की ही पाती तुम्ही जिवंत आहात तोवर निघणार नाहीत, असं मीच छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, आणि त्या अजून जिवंत आहेत. मग चष्मा पुसत म्हणाल्या, वरच्या टोकाची चार घ्या, तिथवर आता माझा हात जात नाही.

एकूण परत आलं ते: पाती एकोणीस, हातोड्या अकरा, उजवं पेडल, दोन्ही बिजागऱ्या, एक चाक.

पुढचंही लिहितो. कामठीहून आलेल्या एका पियानोचं बाहेरचं कपाट मी दादाच्या मापाला आणलं. अर्धा इंच लांब होतं, दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंच रंधलं. पट्ट्या त्याच्याही पंच्याऐंशीच. परत आलेले भाग त्यात बसवले. तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून पॉलिशची छटा जुळवली, चार हात. ५ सप्टेंबरच्या पत्रात पॉलिशसाठी म्हणालो ते यासाठी. तुम्हाला तो दादाचा म्हणून पाठवणार होतो. वहीत त्याला नंबर दिलेला नाही.

परवा शेवटचं काम राहिलं होतं. डाव्या ठोकळ्यावर कडेपासून दीड इंच मोजून खूण केली, मेणबत्ती लावली, तिरपी धरली. आधी दोन वेळा भंगार लाकडावर सराव केला होता. डाग पहिल्याच वेळी जमला. ओघळही त्याच बाजूला आला. मी मेणबत्ती विझवली, हात धुतले, डबा उघडून पोळी खाल्ली. काही वाटलं नाही. दादा गेला तेव्हाही काही वाटलं नव्हतं. खुर्च्या एकशे वीस होत्या, परत देताना एकशे अठरा भरल्या, ते लक्षात आहे. जेवण झाल्यावर तुमचं पत्र पुन्हा वाचलं. "इतकं जपून कोणी ठेवत नाही" हे तुम्ही ऑगस्टमध्ये लिहिलं होतं. मग राहू द्या तुमच्याकडे, हे सप्टेंबरमध्ये. दोन्ही पत्रं एकावर एक ठेवली.

डाग आता निघत नाही.

धम्मानंद


कुही
१० नोव्हेंबर २०२४

भाऊजी,

पत्र मिळालं. उत्तर द्यायला महिना लागला. दिवाळीत श्वेता आली होती. तिला आधी सांगावं की नाही हे ठरेना, शेवटी पत्रच हातात दिलं. ती उतारावर बसून वाचत होती. वाचून झाल्यावर तिने घडी केली आणि एकच विचारलं: "आई, त्या खोट्यात बाबांचं किती आहे?" मी म्हटलं, काकाने लिहिलं आहे ना, मोज. ती म्हणाली, मोजलं. रात्री जेवली, दुसऱ्या दिवशी गोपिकाच्या नातवाला गणित शिकवलं, आणि पुण्याला गेली. शिकवणी चालू ठेवते का ते मी विचारलं नाही.

मी रडले नाही. तुमच्यावर ओरडावं असं मनात आलं तेव्हा भांडी घासून टाकली. कोणाला सांगावं तर काय सांगू? की माझ्या दिराने कपाट मोडलं? गोपिकाला सांगितलं की पियानोचं काम लांबलं. खिडकी काढायला गवंडी आला होता, त्याला परत पाठवलं. भिंत तशीच आहे, खडू पुसलेला नाही.

तुमचं पत्र मी चारदा वाचलं. कोणता भाग कोणाकडे, किती इंच, कधी मेणबत्ती, सगळं आहे. एक नाही. काहून मोडला?

पैशासाठी म्हणाल तर मी मानणार नाही. २०१२ साली मी तो ठेवायला आले तेव्हा शेडमध्ये भिंतीला टेकून तीन मेलेले पियानो उभे होते. श्वेता त्यांच्यामागे लपली होती म्हणून मला नीट आठवतं. भाग हवे होते तर ते होते. जागा हवी होती तर ते विकता आले असते. तुम्ही चांगला, वाजता पियानो मोडला. तुमच्या दादाचा. आणि तुम्ही तो माणूस आहात जो मेलेल्या पियानोतली जिवंत पट्टी वाया जाऊ देत नाही.

तुम्ही बनवलेला पाठवायचा की नाही ते नंतर पाहू. आधी एवढं लिहा. मापं नकोत.

इंदूबाई


लकडगंज, नागपूर
२४ नोव्हेंबर २०२४

वहिनी,
जय भीम.

मापं नकोत म्हणाला, पण थोडी येतील. त्याशिवाय मला सांगता येत नाही.

नोव्हेंबर २०१३ मध्ये मी दादाचा पियानो कसर लागली का हे पाहायला उघडला. पावसाळ्यानंतर मी सगळेच उघडतो, आदल्या वर्षी मात्र त्याला हात लावला नव्हता. दादाच्या घरी असताना त्याने मला तो कधी उघडू दिला नव्हता. सूर लावायला म्हटलं तरी, राहू दे, चालतं, म्हणायचा. मला वाटायचं त्याला फरक कळत नाही.

आत तारांवर टेकणारे, आवाज थांबवणारे नमद्याचे ठोकळे असतात. त्यातल्या बावीस ठोकळ्यांचा नमदा मूळचा नव्हता. तपकिरी घोंगडीचे तुकडे होते, रेल्वेच्या घोंगडीचे, सुताराच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवलेले. दादाने स्वतः बसवलेले. डावीकडून सुरुवात केली होती. पहिले दोन इतके वाकडे होते की तारेला एकाच कोपऱ्यावर टेकत होते. तिसऱ्यापासून आठव्यापर्यंत जाड, गोंद बाहेर आलेला. नवव्यापासून कड सरळ यायला लागली. चौदाव्यापासून गोंद दिसत नव्हता. सतराव्याला त्याने खालची बाजू तिरपी कापली होती, म्हणजे ठोकळा आवाज न करता टेकतो. ही गोष्ट मला सात वर्षांनी सुचली होती. कोणी सांगितली नव्हती. त्यालाही कोणी सांगितली नव्हती.

बाविसावा मी केला असता तरी तसाच झाला असता. तिथे तो थांबला होता. पुढचे मूळचेच होते, झिजलेले. प्रत्येक नव्या ठोकळ्यामागे पेन्सिलने तारीख होती, त्याच्या कारकुनी अक्षरात. पहिली १३ नोव्हेंबर २०११. शेवटची ८ जानेवारी २०१२. तो १४ तारखेला गेला. दर रविवारी दोन-तीन करत होता.

मी एक तास त्याच्यासमोर उभा होतो. मग पाना घेतला. बावीस ठोकळे आधी काढले, एका डब्यात ठेवले, आणि उरलेलं चार दिवसांत मोडलं. तो उभा असता तर मला रोज शेडमध्ये येऊन त्याच्यासमोर काम करावं लागलं असतं. एवढंच कारण आहे. दुसरं शोधलं, सापडलं नाही. ते बावीस ठोकळे मी कुठे वापरले नाहीत, त्यांची वहीत नोंद नाही. या पत्रासोबत तो डबा पाठवतो. श्वेताने त्या खोट्यात बाबांचं किती असं विचारलं होतं. खोट्यात फार नाही. डब्यात आहे ते सगळं त्याचं आहे. क्रम बदलू देऊ नका, तारखेप्रमाणे लावले आहेत.

पहिली तारीख १३ नोव्हेंबर काहून, हे तुम्हाला माहीत नाही. दादाने तुम्हाला सांगितलं नसणार. त्याच्या आदल्या रविवारी, ६ तारखेला, तो स्कूटरवरून शेडमध्ये आला होता. मी खर्जाची तार गुंडाळत होतो. त्याने स्टूल ओढलं आणि तासभर नुसता पाहत बसला. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही, हात गुंतलेला होता. मग तो म्हणाला, "धम्मा, मले शिकव ना गा."

मी हसलो. तो हसला नाही. म्हणाला, कार्यालयात आता मन लागत नाही, मुदतीआधी निवृत्ती घेतो. झाडू मारीन, नमदा कापीन, सांगशील ते करीन. तो माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा होता, आणि कागद मांडीवर ठेवून परीक्षा द्यायला आल्यासारखा बसला होता. त्याने सगळं लिहून आणलं होतं, ते वाचून दाखवलं.

मी तार सोडली नाही. त्याच्याकडे न पाहता म्हणालो, "दादा, हे शिकवल्याने येत नाही. मी कोणाजवळ शिकलो? तुझे हात कारकुनाचे आहेत."

त्याने स्वतःचे हात उलटेपालटे करून पाहिले. बरं, म्हणाला. कागदाची घडी करून खिशात ठेवली, हेल्मेट घातलं, आणि जाताना माझ्या यंत्राचं कौतुक केलं. त्यानंतर त्याने विषय काढला नाही. मीही नाही.

कागदावर होतं ते असं: दोन वर्षं माझ्या हाताखाली, पगार न घेता, रोज सकाळी नऊ ते सहा, आणि शिकवल्याबद्दल मला त्याच्या भविष्य निर्वाह निधीतून एकरकमी पंच्याहत्तर हजार रुपये. मी नको म्हणालो.

धम्मानंद